सर्व्हर काकूंच्या घरी

आमच्या शाळेत संगणक आले त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी त्यातला एक हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि मला विचारलं, "म्याडम, ह्यो चार्जर हाय का?"

तिसगावात एसटीतून उतरून पुढं काळ्यापिवळ्या जीपनं जावं लागतं, अशा एका गावात मी संगणक शिकवते. शिकवते म्हणजे, त्या दिवसापर्यंत फळ्यावर शिकवत होते. खडूनं की-बोर्ड काढायचा, कुठलं बोट कुठं ठेवायचं ते दाखवायचं आणि तास संपला की पुसून टाकायचा. माझा की-बोर्ड इतका रेखीव यायचा की चित्रकलेचे सर दारात थांबून बघायचे. पण बारावीला या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि ती खडूनं देता येत नाही. आमचं परीक्षा केंद्र होतं पाथर्डीला. पोरींना पाथर्डीला नेणार कोण आणि आणणार कोण, यावर घरोघरी चर्चा व्हायची. चर्चेच्या शेवटी मुलगे जीपमध्ये बसायचे आणि मुली घरी राहायच्या.

"तिचा इषय बदलून घ्या ना म्याडम," असं वडील अगदी प्रेमानं सांगायचे. वर्षभर पुढच्या बाकावर बसून जी मुलगी खाली मान घालून लिहायची, ती ऐन वेळी गळायची. अध्यक्षांची स्वतःची धाकटी मुलगीही अशीच गळाली. आता ती जामखेडला सासरी असते. मला या बापांचा राग यायला हवा होता, पण मी तो जीपवर काढायचे, कारण जीपवर रागावून गावात नोकरी करता येते. केंद्र आपल्याच शाळेत आल्याशिवाय यातून सुटका नाही, हे मी दर वर्षी सभेत सांगायचे. दर वर्षी सगळे माना डोलवायचे आणि चहा घ्यायचे.

शेवटी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर पोचलेला शाळेचा एक माजी विद्यार्थी मदतीला आला. त्याच्या कंपनीनं एक ऑफिस बंद केलं होतं, तिथलं सामान त्यानं आमच्याकडं पाठवलं. टेम्पो येणार म्हणून शाळेच्या दारात रांगोळी घातली होती आणि अध्यक्ष फेटा बांधून उभे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. त्यामुळं शाळा ही आपल्याच घराची पुढची पडवी आहे असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. टेम्पोतून मॉनिटर उतरले, की-बोर्ड उतरले, एक मोठं काळं धूड उतरलं आणि शेवटी एका खोक्यातून जेवणाच्या डब्याएवढे चपटे डबे निघाले. अण्णा मात्र अजून टेम्पोत वाकून बघत होते. ड्रायव्हरनं फाळका लावला तेव्हा त्यांना कळलं की उतरायचं ते उतरलेलं आहे.

"याला थिन क्लायंट म्हणतात अण्णा. हेच संगणक."

"ह्याच्यात काय असतंय?"

"तसं फारसं काही नसतं," मी म्हटलं. ते शंभर टक्के खरं होतं, पण फेटा बांधलेल्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

गोष्ट खरं तर सोपी आहे. नेहमीच्या संगणकाच्या पोटात सगळं असतं: विचार करणारा भाग, आठवण ठेवणारी डिस्क, सगळे प्रोग्राम. थिन क्लायंटच्या पोटात यातलं जवळजवळ काही नसतं. बटण दाबलं की त्याला एकच गोष्ट सुचते, वायरीवरून सर्व्हरला हाक मारायची. सर्व्हर म्हणजे ते काळं धूड. सर्व्हरनं ओ दिली की पुढचं सगळं काम तिकडं चालतं. मुलीनं इथं 'क' दाबला की त्याची खबर वायरीतून तिकडं जाते, 'क' तिकडं उमटतो आणि त्याचं चित्र परत इकडं पडद्यावर येतं. हे इतक्या झटक्यात होतं की मुलीला वाटतं, आपण इथंच लिहिलं. लिहिलेलं सगळं तिकडंच राहतं. उद्या डबा बिघडला तर काढून दुसरा लावायचा. तिनं आपलं नाव आणि पासवर्ड घातला की काल अर्धं सोडलेलं काम जसंच्या तसं समोर येतं.

हे एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण समोर अख्खं गाव उभं होतं आणि मला सोपं करून सांगायची खोड आहे.

"गावात पाण्याची टाकी एकच आहे ना अण्णा? आणि नळ घरोघरी. नळात पाणी नसतं, टाकीत असतं. तसं हे डबे म्हणजे नळ, आणि ते काळं म्हणजे टाकी."

अण्णांचा चेहरा उजळला. मागच्या माणसांचे चेहरे उजळले. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं आणि मी दिवसभर तरंगत होते. आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, हे बोलताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवारी मी प्रयोगशाळेत गेले तर दारात तात्या उभे. तात्या म्हणजे गावाला पाणी सोडणारे, अण्णांचे चुलतभाऊ. हातात व्हॉल्व्ह फिरवायची त्यांची ती लांबलचक लोखंडी चावी.

"तुम्ही इकडं कसे तात्या?"

"अन्नांनी सांगितलंय. आजपासनं कंप्युटर बी मीच सोडायचा." त्यांनी चावी सर्व्हरशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि मुलांकडं बघून विचारलं, "सोडू का?"

"सोडा," वर्गातून एकसुरात उत्तर आलं. तात्यांनी सर्व्हरचं बटण दाबलं.

मी त्यांना समजावलं की याला माणूस लागत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तासाला बसले की ते मधूनच डुलकी घ्यायचे, पण बटण मात्र कुणाला दाबू द्यायचे नाहीत. मुलांचंही डोकं त्याच वाटेनं चाललं होतं. पडद्यावर काही आलं रे आलं की सगळा वर्ग वह्या काढून ते उतरवून घ्यायला लागायचा. "अगं, ते तिथंच राहणार आहे, उद्याही दिसेल," मी ओरडून सांगायचे. एक मुलगी म्हणाली, "उद्या न्हाई आलं तर?" जिच्या घरी हंडे, कळशा, पिंपं आणि आंघोळीची बादलीसुद्धा आठवडाभर भरून ठेवतात, तिला यावर काय सांगणार? ती लिहीत राहिली.

मागच्या रांगेनं तर तक्रारच आणली. आमच्याकडं प्रेशर येत नाही, पुढच्या रांगेतले सगळं ओढून घेतात. गावात वरच्या आळीची पाण्याची तक्रार शब्दशः अशीच आहे. मी तणतणत मागं गेले, बघते तर पडदे खरोखर अडखळत होते. पुढच्या रांगेतली दोन पोरं व्हिडिओ बघत होती. सर्व्हर एक, त्याची ताकद सगळ्यांत वाटून जायची, दोघांनी ओरपलं की बाकीच्यांचं हळू व्हायचं. म्हणजे तक्रार बरोबर होती. आपली उपमा आपल्याला न विचारता इतकी खरी निघत जावी, याचा मला फार वैताग आला.

एवढं होऊनही गाडी रुळावर येत होती. पोरी टाइप करायला लागल्या होत्या, परीक्षेच्या केंद्रासाठी आमचा अर्ज गेला होता आणि केंद्र बघायला साहेब येणार असं कळलं होतं. तेवढ्यात अण्णांनी उपमेवर विचार केला.

"म्याडम," एके दिवशी ते म्हणाले, "मंजे खरा कंप्युटर येकच. बाकीच्या निस्त्या तोट्या."

"तसं म्हणता येईल."

"आन ह्यो येवढा खरा कंप्युटर आपुन पत्र्याच्या खोलीत ठिवलाय. राखन न्हाई, काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर्व्हर जागेवर नव्हता. सुरक्षेसाठी तो अण्णांच्या घरी गेला होता. "गरजेचंच होतं," मुख्याध्यापक माझ्याकडं न बघता म्हणाले. वर्गात सगळे डबे चालू होते आणि सगळे सर्व्हरला शोधत होते. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ, सर्व्हर सापडत नाही. मला सापडला होता. तो भिंतीपलीकडं अण्णांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी हार घालून बसवला होता.

लोक बघायला येऊ लागले. त्याला ना पडदा, ना की-बोर्ड. नुसतं काळं खोकं, त्याला एक हिरवा दिवा आणि पंख्याची घरघर. अण्णा त्याच्याशेजारी बसून पाहुण्यांना सांगायचे, "शाळंत पोरं जे काय करत्यात ना, ते समदं हितं हुतं." पाहुणे आदरानं हिरव्या दिव्याकडं बघायचे. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना, कारण अण्णा बोलत होते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त त्या दिवसांत शाळेत पोरं काहीच करत नव्हती.

मी रोज भांडले. खोलीला लोखंडी दार बसवू म्हटलं, कुलूप लावू म्हटलं. अण्णांनी उलट माझीच उपमा माझ्यासमोर ठेवली, "टाकी कुटं नळाच्या घरात असती का म्याडम? पायपलाइन टाका." शेवटी आम्ही पायपलाइन टाकली. त्यांच्या बैठकीच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, शेळ्यांच्या गोठ्यावरून लिंबाच्या झाडावर नेली आणि भिंतीवरून शाळेत घेतली. डब्यांनी हाक मारली, भिंतीपलीकडून सर्व्हरनं ओ दिली आणि वर्ग सुरू झाला. तात्यांना आता बटण राहिलं नव्हतं, ते चावी घेऊन लिंबाखाली बसू लागले.

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला सगळे पडदे एकदम थिजले. पलीकडून मिक्सरचा आवाज येत होता.

अण्णांच्या घरी खात्रीचा प्लग एकच, तो बैठकीच्या खोलीत. स्वयंपाकघरातल्या बोर्डाचा झटका बसतो म्हणून मिक्सर पहिल्यापासून बाहेरच लावायचा. आता तिथं सर्व्हर होता. सर्व्हरसोबत आलेल्या बॅटऱ्या पुण्यातच मेलेल्या होत्या, म्हणजे प्लग निघाला की खेळ खलास. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सर्व्हरचा प्लग काढून मिक्सरचा लावला होता. मी भिंतीशी जाऊन हाक मारली, "काकू, आमचं बंद पडलं."

"चटनी हू द्या, मंग सोडते," पलीकडून उत्तर आलं.

तेव्हापासून आमचं वेळापत्रक काकूंच्या स्वयंपाकावर चालू लागलं. अकराची चटणी, दुपारी कधी शेंगदाण्याचं कूट. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करून जायची त्यांची सवय, म्हणजे काकू मळ्यात गेल्या की वर्ग सुटला. मुलींनी दर दोन ओळींनी काम जतन करायची सवय लावून घेतली. जतन केलेलं सर्व्हरच्या डिस्कवर राहायचं, बाकीचं चटणीत जायचं. पडदा थिजला की मानही न वळवता सगळ्या एकसुरात ओरडायच्या, "काकू, बटन." मी इतक्या वर्षांत वर्गात इतकी शिस्त कधी बघितली नव्हती.

काकूंना बोलायला म्हणून मी एकदा घरी गेले. त्या सर्व्हरसमोर बसून लसूण सोलत होत्या. मला वाटलं होतं त्यांना या खोक्याचा त्रास होत असेल.

"पोरी कामाला लागल्या की ह्याला धाप लागती," त्या म्हणाल्या. "आता बगा, निवांत हाय. सुट्टी झाली वाटतं." तेवढ्यात शाळेची घंटा झाली. मग लसणीची पाकळी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, "बाई, समद्या पोरी हितं माज्या घरात लिवत्यात, मंग मला का दिसत न्हाई?"

मी दुसऱ्या दिवशी एक डबा आणि एक जुना मॉनिटर त्यांच्या खोलीत नेऊन लावला. त्यांच्या नावाचं खातं काढून दिलं. पहिला शब्द त्यांनी स्वतःच ठरवला. एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, चहा पार निवून जाईपर्यंत त्यांनी लिहिलं: जामखेड. मग पदर सारखा करून बघत बसल्या. चौथीनंतर आपण काही लिहिलंच नव्हतं, असं म्हणाल्या.

साहेब आले त्या दिवशी अण्णांनी परत फेटा बांधला. गावात कुणीही साहेब येवो, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत, त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही अशी पद्धत आहे आणि जेवण अण्णांच्या घरी. मटणाचा बेत होता. मी सकाळीच काकूंना सांगून आले होते, आज काही झालं तरी प्लगला हात लावू नका. त्या हो म्हणाल्या होत्या. पण मी गेल्यावर अण्णा तिथं आले आणि म्हणाले की साहेबांना वाटण कमी पडता कामा नये.

साहेब बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी एक डबा उचलून बघितला.

"याची हार्ड डिस्क केवढी?"

"नाही त्यात, सर."

"आणि यात?"

"त्यातही नाही."

"बाई," ते म्हणाले, "मला इथं पडदे दिसतात, संगणक दिसत नाहीत."

आता हे शेरा मारणार आणि या सगळ्या पोरी परत जीपची चर्चा ऐकत घरी बसणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. "एकदा काम बघा, सर," मी म्हटलं. "हे असेच असतात. रिकामेच असतात. ते रिकामे आहेत म्हणूनच चालतात." मी काय बोलतेय ते माझं मलाच भयंकर वाटलं. साहेब एका मुलीच्या मागं जाऊन उभे राहिले. ती भराभर टाइप करत होती, छान करत होती. साहेबांची मान किंचित हलली, आणि पडदा थिजला.

पलीकडून मिक्सर सुरू झाला होता.

मी डोळे मिटले. पोरींनी नेहमीप्रमाणं मान न वळवता हाक दिली, "काकू, बटन."

"सायबाचं वाटन चाललंय, दम धरा," भिंतीपलीकडून आवाज आला.

साहेबांनी मला विचारलं, "हे साहेब म्हणजे मी का?"

यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना वायरीच्या वाटेनंच नेलं, भिंतीवरून लिंबाकडं, लिंबाखाली चावी घेऊन उठून उभे राहिलेले तात्या, मग शेळ्यांचा गोठा, मग खिडकी. मागून ती थिजलेल्या पडद्याची मुलगी आणि मुख्याध्यापक. बैठकीत हार घातलेला सर्व्हर गार पडला होता आणि शेजारी मिक्सर चालू होता. अण्णा लगबगीनं पुढं आले. "साहेब, आदी दोन घास खाऊन घ्या. मंग काय बगायचं ते बगू."

साहेबांनी शर्टाच्या आतून तुळशीची माळ वर काढून दाखवली. ते माळकरी निघाले.

काकूंनी मिक्सर थांबवला. आधी माळेकडं बघितलं, मग भांड्यातल्या वाटणाकडं, मग नवऱ्याकडं. त्यांनी मिक्सरचा प्लग ओढला आणि सर्व्हरचा लावला. सर्व्हर जागा व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात साहेब कॉटवर टेकले, त्यांना पाणी मिळालं आणि पिठल्याची चौकशी झाली. मग काकूंचा पडदा उजळला. मी मुलीला तिथं बसवलं. तिनं तिचं नाव आणि पासवर्ड घातला आणि शाळेत लिहीत असलेलं पान अण्णांच्या बैठकीत उघडलं. फक्त शेवटची ओळ वाटणात गेली होती. ती तिनं परत लिहिली. साहेब वाकून बघत राहिले.

"समजलं," ते म्हणाले. "काम चोख आहे. पण केंद्र शाळेत असतं बाई, अध्यक्षांच्या घरी नसतं. हा सर्व्हर शाळेत कुलपात ठेवा, त्याला वेगळी लाइन आणि चांगल्या बॅटऱ्या द्या. मी केंद्र देतो. नाहीतर मुलांना पाथर्डीलाच यावं लागेल."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी सर्व्हरकडं, त्याच्या हाराकडं बघितलं. पाहुणे यायचे, हिरव्या दिव्याला मान द्यायचे, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. फेटा सारखा करत ते म्हणाले, "मंग पाथर्डी काय लांब हाय का?"

माझ्या तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती. पण काकू आधी बोलल्या, आवाज अजिबात न चढवता.

"धाकटीच्या टायमाला तुमी म्हनले, पाथर्डी लई लांब हाय, कोन न्येनार. पोरगी चार दीस जेवली न्हाई. आन आज म्हनताय, लांब न्हाई. येक काय ते ठरवा. पाथर्डी काय हालती का?"

मुख्याध्यापक शेळ्यांकडं बघू लागले. काकूंनी सर्व्हरचा हार काढला, ठेवायला जागा दिसेना म्हणून मिक्सरला घातला आणि खिडकीतून हाक मारली, "तात्या, आत या. ह्ये उचला." तात्यांनी चावी खाली ठेवली आणि टाकी उचलली.

वायर काढायची वेळ आली तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माजा नळ बंद हुनार का?" मी म्हटलं, वायर तीच राहील काकू, फक्त आता शाळेतून तुमच्याकडं येईल.

केंद्र मिळालं. परीक्षेच्या दिवशी पोरी चालत आल्या, एकीच्या हातात तर भावाचं पोर होतं, ते तिनं दारात आईकडं दिलं आणि आत गेली. वेगळी लाइन होती, नव्या बॅटऱ्या होत्या, मिक्सरचा काही संबंध उरला नव्हता, पण मागच्या आळीत कुणाचाही मिक्सर वाजला नाही. काकूंच्या घरातून पाट्यावर वरवंटा ओढल्याचा आवाज येत होता. मी सर्व्हरजवळ बसले होते. कोणकोणते डबे जोडलेले आहेत ते त्यावर दिसतं. वर्गातले सगळे होते. एकच नव्हता, भिंतीपलीकडचा.

पेपर संपल्यावर मी धावतच काकूंकडं गेले. मला वाटलं, डबा बिघडला. त्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, पडदा काळा.

"काय झालं काकू? चालू होत नाही का?"

"बंद ठिवलाय. मी वडलं असतं तर पोरींना प्रेशर कमी पडलं असतं. सकाळधरनं हात लावला न्हाई."

त्यांच्या एका डब्यानं तसूभरही फरक पडला नसता. हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं, कारण चुकीचं ऐकलं की दुरुस्त केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण मी म्हटलं, "प्रेशर पूर्ण होतं काकू. एक पोरगी अडली नाही."

"व्हय? सगळ्या बसल्या?"

"सगळ्या."

"मंग सोडू का आता?" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. डब्यानं भिंतीपलीकडं हाक मारली, सर्व्हरनं ओ दिली आणि आदल्या दिवशी त्यांनी अर्धं सोडलेलं पान जसंच्या तसं समोर आलं. वर जामखेड लिहिलं होतं आणि खाली मुलीसाठी एक ओळ: आता पाथर्डीला कोनाला. पुढचं राहिलं होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. काकूंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्या एक बोट उभं धरून की-बोर्डवर अक्षर शोधत होत्या.

"'ज' कुटं गेला वो बाई?"

मी बोट लावून दाखवला.